अर्धा बोल्ट

विमान उंद्रीच्या शिवारात उतरलं तेव्हा आवाज झाला नव्हता. पुढे कितीतरी वर्षं लोक सांगत राहिले की मोठा धडाका झाला, कानठळ्या बसल्या. तसं काही नव्हतं. लढाईचे दिवस होते. अधूनमधून गावावरून विमानं जात आणि त्यांची घरघर आम्हाला सवयीची झाली होती. त्या दिवशी घरघर नव्हती. शाळेच्या कौलांवरून एक मोठी सावली सरकली, आणि मी खिडकीतून पाहिलं तर विमान झाडांच्या शेंड्यांइतकं खाली आलं होतं. इंजिन बंद पडलेलं होतं.

मी तेव्हा उंद्रीच्या मराठी शाळेत मास्तर होतो. बुलढाण्याच्या हायस्कुलातून मॅट्रिक झालेला, वय चोवीस, लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. गावात इंग्रजी बोलता येणारा मी एकटाच, म्हणून पाटलांनी पहिला निरोप मलाच धाडला. मी पोचलो तोवर अर्धं गाव शेतात जमलं होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वेचणीला आलेली होती. तिच्यातून विमानानं एक रुंद पट्टा आडवा पाडत नेला होता आणि नाल्याच्या काठाशी ते नाक मातीत खुपसून थांबलं होतं. वैमानिक गोरा होता, विशीतला असेल. कपाळ फुटलेलं आणि पाय मोडलेला. वेचणीवरच्या एका बाईनं आपल्या मडक्यातलं पाणी त्याला पाजलं होतं आणि पदरानं त्याच्या डोळ्यांवरचं रक्त पुसत ती त्याला वऱ्हाडीतच धीर देत होती. त्यानं मला एवढंच सांगितलं की इंजिनात काहीतरी तुटलं. छकड्यात कडबा अंथरून आम्ही त्याला चिखलीच्या दवाखान्यात पाठवलं. तो वाचला, हे पुढे कळलं.

छकडा गेल्यावर लोक विमानाला भिडले. कोणी पत्रा उचलला, कोणी काच, कोणी तार. इंजिनला बाजूनं मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून काळं तेल ठिबकत होतं. खाली, तेलानं भिजलेल्या ढेकळांत, मला बोल्टचा अर्धा तुकडा दिसला. बोटभर लांब, एका टोकाला तुटलेला, दुसऱ्या टोकाला ढिबरी, म्हणजे नट. ती आपल्याकडच्या ढिबऱ्यांसारखी नव्हती. तिच्या माथ्यावर खाचा होत्या, आणि एका खाचेतून बारीक तारेची पिन आरपार जाऊन तिचे दोन्ही पाय बाहेर वाकवलेले होते. तुकडा अजून कोमट होता. मी तो उचलून कोटाच्या खिशात टाकला. पुढे मनाला सांगायला मी कारण तयार केलं की वर्गात मुलांना दाखवायला घेतला. खरं म्हणजे मला तो हवासा वाटला. इतकी नेटकी कारागिरी मी आधी कधी हातात धरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दवंडी पिटली. विमानाची वस्तू ज्याच्यापाशी असेल त्यानं चावडीवर आणून द्यावी, नाहीतर लढाईच्या कायद्याखाली तुरुंग. मी तुकडा खिशात घेऊन चावडीकडे निघालो होतो. तिथे अमडापूरचे फौजदार खुर्ची टाकून बसले होते आणि कारकून प्रत्येकाचं नाव लिहून घेत होता. माझ्यापुढे एक सालदार, सालानं बांधलेला गडी, उभा होता. त्यानं पत्र्याचा मोठा तुकडा झोपडीवर टाकायला नेला होता आणि तो परत डोक्यावर घेऊन आला होता. फौजदारांनी त्याला सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या. चोर म्हणाले. मी रांगेतून बाजूला झालो. त्याच साली शेजारच्या तालुक्यातला एक मास्तर, घरात चळवळीचं पत्रक सापडलं म्हणून, नोकरीवरून गेला होता. माझं नाव त्या वहीत लिहिलं गेलं तर काय होईल, एवढाच विचार माझ्या मनात होता. एवढ्या ढिगात एका तुकड्याला कोण विचारतो, असं म्हणत मी घरी परतलो आणि तेलकट फडक्यात गुंडाळून तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

पाचव्या दिवशी तपासनीस आले. दक्षिणेकडचे गृहस्थ, पन्नाशीचे, किडकिडीत. गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग होतं. फौजदारांसारखा रुबाब नाही. विमानाची इंजिनं दुरुस्त होतात त्या सरकारी कारखान्यात तुटलेल्या भागांची परीक्षा करणं हे त्यांचं काम. ते इंग्रजीत आणि मोडक्या हिंदुस्थानीत बोलत, आणि गावकऱ्यांशी बोलायला दुभाषा म्हणून मला त्यांच्याबरोबर दिलं. तीन दिवस मी त्यांच्याबरोबर शेतात होतो.

त्यांनी जमिनीवर एक मोठी चादर अंथरली आणि इंजिनच्या पोटातला एकेक तुकडा काढून, पुसून, आपल्या जागी मांडला. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि तो कुठे सापडला, कोणी दिला, ते त्यावर लिहायचं. काम करता करता ते मला समजावत. इंजिनात बसणारा प्रत्येक भाग बनवणारा एक, तपासणारा दुसरा, बसवणारा तिसरा, आणि बसवलेला पाहून घेणारा चौथा. चौघांनाही आपल्या सहीचा किंवा शिक्क्याचा जाब द्यावा लागतो. नुसता बोल्ट असला तरी. मी विचारलं, इतकं कशाला? ते म्हणाले, मोटार बिघडली तर माणूस उतरून चालू लागतो, इथे उतरायला जागा नसते. हे त्यांनी साधेपणानं सांगितलं, आणि मला ते फार आवडले. मी त्यांना घरी जेवायला नेलं. बायकोनं ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी केली होती. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला चादरीपाशी बसवून घेतलं. पिस्टनच्या दट्ट्याला फिरत्या दांड्याशी जोडणारा रॉड निखळला आणि त्यानंच इंजिनचं पोट फाडलं, इतकं नक्की होतं. तो रॉड दोन बोल्टांनी धरलेला असतो. एक शाबूत होता. दुसरा तुटला होता. त्याचा डोक्याकडचा अर्धा भाग आतच सापडला होता, पण तुटलेलं तोंड आपटून आपटून इतकं सपाट झालं होतं की त्यावरून काही वाचता येत नव्हतं. ढिबरीकडचा अर्धा भाग मिळत नव्हता.

ते म्हणाले, "मास्तर, तो अर्धा मिळाला तर दोन गोष्टी कळतील. त्याच्या तोंडावर जुनी चीर दिसली तर धातू खराब होता. मग त्याच खेपेतले सगळे बोल्ट बाकीच्या इंजिनांतून काढावे लागतील. आणि ढिबरीत पिन नसली, तर ढिबरी सैल होऊन बोल्टावर भलता ताण आला. मग चूक बसवणाऱ्याची."

"आणि मिळालाच नाही तर?"

"तर वरचे लोक म्हणतील पिन टाकलीच नव्हती. नेहमी तसंच होतं. फिटरला दोष देणं सोपं असतं."

माझ्या डोळ्यांसमोर त्या पिनचे दोन वाकवलेले पाय आले. त्या क्षणी, त्या शेतात, फिटर निर्दोष आहे हे माहीत असलेला माणूस मी एकटा होतो. बोलायला एक वाक्य पुरे होतं. मी म्हणालो, "आपण लोकांना पुन्हा विचारून पाहू."

संध्याकाळी पाटलांनी माणसं जमवली. तपासनीस बोलले आणि मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगितलं. कोणावर राग नाही, कोणाला शिक्षा होणार नाही, हा माझा शब्द आहे. दुसऱ्या कोणाचा जीव वाचावा म्हणून मागतो आहे. "कोनापाशी असंन तर आनून द्या," असं मी माझ्या तोंडानं म्हणालो, चांगलं मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जावं म्हणून.  ज्या म्हाताऱ्याचं ते शेत होतं तो म्हणाला, "मास्तर, आमच्यापाशी असतं तं काऊन ठेवलं असतं? आमचं काय काम त्याचं?"

मग कोणीतरी त्या सालदाराचं नाव घेतलं. पाटलांनी त्याच्या झोपडीची झडती घ्यायला लावली. मडकी पालथी केली, गोधडी उसवून पाहिली. त्याची बायको दारात कडेवर पोर घेऊन उभी होती. मी अंगणात उभा होतो. तपासनीसांनाच ते सहन झालं नाही. त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं आणि मी तेही भाषांतर करून सांगितलं.

तपासनीस गेले त्या दिवशी बायकोनं ट्रंक उघडली. तिनं फडकं माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, हेच का ते? मी मान हलवली. ती देऊळगाव राजाची, तिचे वडील देवळात पूजा करणारे, आणि ती स्वतः फार कमी बोलणारी. म्हणाली, "अजून मोटार चिखलीच्या पुढे गेली नसंन. देऊन या न."

मी तिच्यावर ओरडलो. नोकरी गेली तर तुझ्या बापाकडे जाऊन राहायचं का, असं काहीतरी बोललो. तिनं तुकडा पुन्हा फडक्यात बांधला आणि ठेवून दिला. त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही. पण रोज वर्गात जाताना ती सपाट करून मांडलेली चादर मला दिसायची आणि तिच्यावरची रिकामी जागा.

फाल्गुनात त्यांचं पत्र आलं. इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात, आभाराचं. भाकरीची आठवण लिहिली होती. शेवटी दोन ओळी होत्या की चौकशी संपली, पिन न बसवल्याचा ठपका ठेवून फिटरला कामावरून काढलं, आणि बाकीच्या विमानांना उड्डाणाची परवानगी दिली गेली. स्वतःचं मत त्यांनी लिहिलं नव्हतं. मी पत्र बायकोला मराठीत वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "बाकीचे इमानं म्हंजे त्याच बोल्टाचे?"

"हाव."

ती उठून आत गेली. उन्हाळ्याची सुट्टी लागायला दीड महिना होता. मी तो दीड महिनाही जाऊ दिला. रजेचं कारण काय लिहू, हा प्रश्न मला तेव्हाही मोठा वाटत होता.

सुट्टी लागली त्याच आठवड्यात निघालो. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार बुलढाण्याचा घाट उतरून मलकापूरला पोचायला अर्धा दिवस घेई. तिथून रेल्वे. कारखान्याच्या फाटकावर शिपायानं मला दोन तास उन्हात बसवलं. तपासनीस बाहेर आले तेव्हा त्यांना आनंद झाला होता. मुलाच्या नोकरीसाठी आलात का, असं त्यांनी हसून विचारलं आणि मग स्वतःच म्हणाले की तुम्हाला इतका मोठा मुलगा कुठला.

मी फडकं त्यांच्या टेबलावर ठेवलं.

ते बराच वेळ भिंगातून पाहत होते. मग भिंग माझ्या हाती देऊन तुटलेलं तोंड उजेडाकडे धरलं. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत होता आणि त्यावर कापलेल्या खोडावर असतात तशा बारीक रेषा होत्या, एकीमागे एक सरकत गेलेल्या. उरलेला भाग खरबरीत. चीर पहिल्यापासून होती, ते म्हणाले, प्रत्येक उड्डाणात केसभर पुढे जात होती. मग त्यांनी पिनच्या पायांना नख लावून पाहिलं.

"तेलात ठेवलात हे बरं केलंत," ते म्हणाले. "गंजला असता. कुठे मिळाला?"

वाटेत मी ठरवून आलो होतो की एका शेतकऱ्याला नांगरताना मिळाला असं सांगायचं. तेच सांगितलं. त्यांनी चिठ्ठी घेतली, लेखणी बुडवली, आणि माझ्याकडे पाहत थांबले. नांगरताना मिळालेल्या तुकड्याच्या खाचांत माती असती. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. फक्त म्हणाले, "मास्तर, मी चिठ्ठीवर जे लिहीन ते खरं धरून माणसं विमानात बसतील."

मग मी सगळं सांगितलं. "मी शेतात बसून विचारलं तेव्हा तो तुमच्या घरी होता?" असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणालो. तुमच्याकडे जेवलो तेव्हाही? हो. त्यांनी चिठ्ठी लिहिली, माझा जबाब लिहून घेतला, माझी सही घेतली. आवाज चढवला नाही. चहाही विचारला नाही. मधल्या महिन्यांत त्या खेपेच्या बोल्टामुळे दुसरं एखादं विमान पडलं का, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. माझा धीर झाला नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. ते मला आजपर्यंत माहीत नाही.

निघताना मी फिटरची चौकशी केली. त्या कारखान्यात मध्यप्रांत-वऱ्हाडातली पुष्कळ पोरं भरती झाली होती आणि हा त्यांतलाच एक होता. मलकापूरचा. पूर्वी तिथल्या कापसाच्या जिनिंगमधल्या इंजिनवर होता, तिथेच परत गेला असेल, असं तपासनीस म्हणाले, आणि फाटकापर्यंत आले नाहीत.

मलकापूरला उतरून मी जिनमध्ये विचारत गेलो. तो इंजिनवर नव्हता. इंजिनच्या खोलीत त्याला घेत नव्हते. तिथल्या मिस्त्रीनं मला सांगितलं की विमान पाडलेला माणूस आहे, कोण ठेवील त्याला यंत्रापाशी. तो आवारात कापसाच्या गाठी लोटत होता. माझ्याच वयाचा, रुंद खांद्यांचा, केसांत सगळी रुई. मी त्याला सावलीत बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. कोण मी, तुकडा कुठे होता, आज कुठे आहे. त्यानं मधेच मला थांबवलं.

"पिन होती?"

"होती. दोन्ही पाय वाकवलेले."

"तुम्ही सोता पाह्यलं?"

"पहिल्याच दिवशी पाहिलं."

तो खाली गाठीवर बसला. त्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "मी टाकली होती. पह्यले मी सांगतच होतो सगळ्याइले. मंग सायेब रोज इचारे, आठोते का तुले, नीट आठोते का. रोज इचारल्यावर मलेच आठोनासं झालं. रोज हजार पिना टाकतो मानूस. वाटलं, राह्यली असंन. माह्याच हातानं राह्यली असंन. ते गोरं पोरगं मेलं का वाचलं, तेबी कोनी सांगतलं नाही मले."

"वाचलं," मी म्हणालो. "पाय मोडला होता. दवाखान्यातून चालत गेला."

तेव्हा त्यानं डोळे पुसले. इतके महिने तो त्या वैमानिकाला आपण मारलं असं धरून चालला होता, आणि हे सांगायला तर मला कसलीही भीती नव्हती, फक्त कोणी विचारलं नव्हतं. मी माफी मागायला सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं नाही, रागावलाही नाही. मुकादमानं हाक मारली तसा तो उठून कामावर गेला.

पावसाळ्यात त्याला सरकारी लिफाफा आला. तो घेऊन तो मोटारीनं उंद्रीला माझ्या घरी आला, कारण वाचून दाखवायला त्याला मीच माहीत होतो. ठपका काढून टाकला आहे, पुन्हा कामावर यावं, असं लिहिलं होतं. बोल्टांची ती खेपही काढून घेतली होती. त्यानं मला पत्र दोनदा वाचायला लावलं. बायकोनं त्याला जेवायला बसवलं.

जेवून झाल्यावर तो म्हणाला की उत्तर लिहा. "म्हना, मी येत नाही. आता माह्याच्यानं होत नाही ते काम. एक पिन टाकतो अन् दहा खेप पाह्यतो, मंग निजतानी पुन्हा वाटते का टाकली का नाही. असा मानूस काय कामाचा तिथं? पन आमच्या हेडमिस्त्रीले कळवा म्हना. त्यानं मले हातात धरून शिकवलं होतं. त्याले सांगा, पिन होती."

मी तसंच लिहिलं, माझ्या उत्तम इंग्रजीत.

मला शिक्षा अशी फारशी झालीच नाही. नागपूरहून ताकीद आली, एक वर्ष बढती थांबली, आणि देऊळगाव राजाला बदली झाली. बायकोचं माहेर तिथलंच, त्यामुळे लोकांना ती सोय वाटली. उंद्री सोडण्याआधी मी त्या सालदाराच्या झोपडीवर गेलो. गावाला तोवर सगळं कळलं होतं. तो खळ्यावर गेला होता. त्याची बायको घरी होती. मी दारातूनच म्हणालो की तुमच्या घराची झडती माझ्यामुळे झाली, माझी चूक झाली. ती गोवऱ्या रचत होती. रचता रचता म्हणाली, "आमाले माईत होतं मास्तर. तुमी आंगनात उभे होते तवाच दिसत होतं तुमच्या तोंडावर. पन मास्तरले कोन म्हनंन?"

 तिच्या गोवऱ्या रचून झाल्या तशी ती आत गेली आणि मी सामान बांधायला घरी आलो.